पोस्टाचा डाव

माझे सासरे मला रोज घरात भेटत, माझ्या हातचा चहा पीत, भाकरी करपली तर तसं तोंडावर सांगत, आणि तरीही दर आठवड्याला मला पोस्टकार्ड पाठवत. आमचं लुगड्या-खणांचं दुकान पुढे आणि घर मागे. मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे लिहिलेलं कार्ड पलीकडे पोहोचायला दोन दिवस लागत, कारण ते आधी चौकातल्या पेटीत जाई, तिथून मोठ्या पोस्टात, आणि मग इमामभाई पोस्टमनच्या पिशवीतून फिरत फिरत आमच्याच दारात येई. त्या वेळी लिहिणारा दुकानाच्या गादीवर बसलेला असे.

"सेठ," इमामभाई म्हणत, "तुम हितं, बहू हितं. मुँ से बोल दिए तो क्या होता?"

"नियम हाय. मुत्त्याच्या वेळचा."

"तुमारे मुत्त्या के टैम में पोस्ट था क्या?"

"कार्ड दे की आत. लई विचारतो."

मुत्त्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचे आजोबा. ते मी पाहिले नाहीत. पण त्यांच्या नियमांखाली मी बरीच वर्षं काढली.

सासऱ्यांचं नाव सिद्रामप्पा. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणे. सासूबाईंना अत्ती. शब्द कानडी आहे, पण आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात जेवत. मामा अंगाने किडकिडीत, डोक्याला तांबडा रुमाल, आणि कपाळावरची विभूती दुपारपर्यंत निम्मी पुसलेली. गिऱ्हाइकाशी ते कधी घासाघीस करत नसत. "घ्यायचं तर घे, घाई कुणाला हाय?" एवढंच म्हणत. घाई खरोखरच कुणाला नसे. गिरणीचा बाराचा भोंगा झाला की ते दुकानाची एक फळी लावून घेत, आणि मागच्या खोलीत सोंगट्यांचा पट मांडला जाई.

सोंगट्या ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी लिहिते. अशी माणसं जगात असतील हे मामांना कधी पटलं नाही. पट कापडाचा, अधिकच्या खुणेसारखा. चार बाजूंना चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे जोडीदार. प्रत्येकाच्या चार सोंगट्या मधल्या घरातून निघतात, सगळ्या पटाला फेरी घालतात आणि परत त्याच घरात शिरतात. कवड्या टाकायच्या, जेवढं दान पडेल तेवढं चालायचं. घरात शिरायला नेमकं दान लागतं. वाटेत दुसऱ्याची सोंगटी मारता येते, मारलेली पुन्हा पहिल्यापासून निघते. फुली काढलेल्या चौकटीत बसलं की कोणी मारू शकत नाही. आणि जोडीतला एकजण आपल्या चारही सोंगट्या घेऊन आधी घरात गेला, की त्याचं दान बंद होतं. मागे राहिलेला दोघा शत्रूंच्या तावडीत एकटा सापडतो.

आमचा पट मामांनी दुकानातल्या चिंध्यांचा स्वतः शिवला होता. तो धुवायची परवानगी नव्हती. धुतला की दानं धुऊन जातात, हा मुत्त्याचा नियम. खेळताना शेंगा खायच्या नाहीत, हाही मुत्त्याचाच. कुणी शिंकलं तर पडलेलं दान रद्द. मात्र मामा स्वतः शिंकले आणि दान पंचवीसचं असलं, तर ती शिंक नव्हे, खोकला.

कवड्या सहा. जेवढ्या उघड्या पडतील तेवढं दान; पण एकच उघडी तर दहा, आणि सगळ्या पालथ्या तर पंचवीस. त्यांतल्या एकीचं नाव कुर्डुवाडी. तिचा एक कोपरा उडालेला होता, पाठ जड होती, आणि दहातून आठ वेळा ती पालथीच पडे. माझं माहेर बार्शीचं. माझ्या लग्नाहून परतताना सगळं वऱ्हाड कुर्डुवाडीला गाडी चुकून एक अख्खा दिवस बसलं होतं. मामांनी तिथे फलाटावर पट मांडला आणि ही कवडी फरशीवर आपटून फुटली. दोष त्यांनी स्टेशनला दिला. तेव्हापासून हवं ते दान पडलं नाही की ते मान हलवत, "थांबली गाडी कुर्डुवाडीला."

मामांच्या पिवळ्या सोंगट्या, अत्तींच्या लाल. चाळीस वर्षांच्या संसारात हे दोघे एका बाजूने कधी खेळले नाहीत. एरवी अत्ती त्यांच्यापुढे मोठ्याने बोलत नसत, पण पटावर त्यांची सोंगटी मारताना त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. "जावा परत! पयल्यापासनं या!" मामांचे जोडीदार म्हणजे माझे यजमान. त्यांच्या सोंगट्या काळ्या. अत्तींच्या बाजूने कुणीही शेजारीण बसे. मी तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकत असे.

यजमान चार दिवसांच्या तापात गेले. आमची पारू तेव्हा पाच वर्षांची होती. पट गुंडाळून ट्रंकेत गेला, आणि वर्षभर बाराचा भोंगा झाला तरी दुकानाची फळी लागली नाही.

एका दुपारी ती लागली. मामा पट घेऊन आत आले, मांडून बसले आणि समोरच्या बाजूकडे बोट करून मला म्हणाले, "गौरव्वा, बा. कूडु." ये, बस.

"मला येत नाही, मामा."

"मला तरी कुटं येतं? अत्तीला विचार."

"न्हाईच येत," अत्ती दुसऱ्या खोलीतून म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत येऊन बसल्या. पारूला त्यांनी आपल्या जोडीला घेतलं, हिरव्या सोंगट्यांवर. कवड्या पारूच्या मुठीत मावत नसत; दोन हातांनी टाकायची.

मी फार वाईट खेळे. माझ्या सोंगट्या एखादी फुली सापडली की तिथेच बसत. मारली जाण्याची भीती वाटे. तेवढ्यात मामांच्या तीन सोंगट्या घरात गेलेल्या असत, चौथी दाराशी आलेली असे. नेमकं दान पडे. आणि मामा ती सोंगटी आत न घेता सरळ पुढच्या फेरीला लावत! पुन्हा सगळा पट, पुन्हा अत्तींच्या तोंडासमोरून. नियमात ते बसतं, पण शहाणा माणूस असं करत नाही. अत्ती टपलेल्याच असत. "जावा परत!" पिवळी मरे, पहिल्यापासून निघे. अशाने जिंकत आलेले डाव आम्ही हरत असू.

"मामा, आत का गेला नाहीत?"

"जोडीदार भाईर असताना आपण घरात जायचं नसतं. मुत्त्याचा नियम हाय."

हे ऐकून अत्ती कवड्या जरा जास्तच खुळखुळवत. मला वाटे, त्यांना आम्हाला हरवायची घाई झाली आहे. मला तर मामांचा हा निव्वळ हट्ट वाटे. एकदा मी हिशेब मांडून दाखवला की पिवळी आत गेली असती तर निदान ती तरी वाचली असती. मामांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "सातवी पास ना तू? तरीच."

माझी सातवी त्यांना फार जाचत असावी. दुकानात खण बांधायला आलेली रद्दी मी बांधण्याआधी वाचत बसते, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. एक दिवस खेळता खेळता त्यांनी रुमालातून एक छापील कागद काढला. पुण्याच्या, मास्तरणी तयार करायच्या कॉलेजचा अर्ज. दोन वर्षं तिथेच राहायचं.

मी नाही म्हटलं. पारू लहान आहे म्हटलं, लोक काय म्हणतील म्हटलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मामा वाद घालत नसत. त्यांनी माझ्या तीन सोंगट्यांकडे पाहिलं. तिन्ही फुल्यांवर होत्या, चार दिवसांपासून.

"फुलीवर बसून कोण मरत न्हाय, गौरव्वा," ते म्हणाले. "पर घरीबी जात न्हाय."

"आणि पारू?"

"पारू माझ्या पक्षात," अत्ती म्हणाल्या. "ती कुटं जाती? तिला अजून तुमची पिवळी मारायचीय."

मी जायला निघाले तेव्हा स्टेशनवर मामांनी मला कोरी पोस्टकार्डं दिली. चौघांपैकी एकजण पुण्याला म्हणून डाव मोडायला ते तयार नव्हते. त्यांनी नवाच डाव मांडला होता. माझं दान अत्ती टाकणार, कारण शत्रूने टाकलेल्या दानावर कुणी शंका घेत नाही. मामा ते मला कळवणार. कोणती सोंगटी चालवायची ते मी कळवायचं. मग बाकीचे तिघे एकेकदा खेळणार आणि पुन्हा माझं दान. आठवड्याला एक फेरी.

"असा डाव संपणार कधी?" मी विचारलं.

"घाई कुणाला हाय?"

त्या उन्हाळ्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला होता. पुण्यात आमच्या गावाचं नाव काढलं की लोक आवाज खाली करत. वसतिगृहाच्या मोठ्या बाई मुलींची टपालं वाचून मगच देत. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला बोलावलं. टेबलावर मामांचं कार्ड होतं. ते मला अजून पाठ आहे: "चि. गौरव्वा हीस आशीर्वाद. दहा पडले. काळी दोघींच्या मधी अडकली हाय. तू लाल मारलीस ते बेस केलंस. हिरवी पिवळीच्या पाठीवर हाय. पुढं काय करायचं ते लगेच कळव. घरी सर्व खुशाल."

बाईंनी दार लावून घेतलं. "हे लाल कोण?"

"माझ्या सासूबाई."

"त्यांना मारलं कुणी?"

"मीच, बाई. गेल्या आठवड्यात."

बाईंनी कार्ड उलटून पाहिलं. "आणि हिरवी?"

"माझी मुलगी. ती आजोबांच्या मागे लागली आहे. तिलाही मारलं पाहिजे, पण दान पडत नाही."

शेवटी मी पाठकोऱ्या कागदावर पट काढून दाखवला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "काळी काढू नका. आधी दुसरी आणा पुढे." त्यानंतर दर आठवड्याला कार्ड हातात देताना त्या विचारत, "काय म्हणतायत तुमच्या लाल?" परीक्षेच्या दिवसांत मी उत्तराला उशीर केला, तर त्यांनीच मला आठवण करून दिली.

सुट्टीत मी घरी येई तेव्हा वाटे, आता समोरासमोर बसून हा डाव उरकून टाकू. मामांना ते अजिबात चालत नसे. "हा पोस्टाचा डाव. पोस्टानंच चालणार." सुट्टीत खेळायला दुसरा पट आणि दुसऱ्या सोंगट्या होत्या. पोस्टाचा पट खोलीच्या कोपऱ्यात मांडलेला, आणि सोंगट्या हलू नयेत म्हणून त्यावर भाकरीची दुरडी पालथी घातलेली. त्या दुरडीवरून अत्ती दोन वर्षं बोलत होत्या. "भाकऱ्या फडक्यात बांधू, आन् ह्यांच्या सोंगट्या दुरडीत नांदू देत!" झाडताना मात्र त्या दुरडीच्या कडेकडेने झाडत.

दोन वर्षांनी मी सर्टिफिकीट घेऊन आले, इथल्याच मुलींच्या शाळेत लागले, पण डाव संपला नव्हता. म्हणून मामा पडद्यापलीकडून कार्ड पाठवू लागले, आणि मीही शाळेतून येताना चौकातल्या पेटीत उत्तर टाकू लागले. घरात त्याविषयी तोंडाने बोलायचं नाही. ताटावर बसले असताना मी एकदा विसरून म्हणाले, "मामा, ती दुसरी काळी..." तर त्यांनी कानांवर हात ठेवले.

हळूहळू माझ्या तीन सोंगट्या घरात गेल्या. मामांच्याही तीन केव्हाच गेल्या होत्या. चौथी दाराशी पाच चौकटींवर उभी होती. फिरायला पुढची फेरीही उरली नव्हती. एका सोंगटीला तीनच फेऱ्या, आणि तिच्या तिन्ही झाल्या होत्या. अत्तींची एक लाल आणि पारूची एक हिरवी अजून वाटेवर होती. माझ्या चौथीला घरात जायला तीन हवे होते. आणि एका कार्डावर आलं: "तीन पडले. कळव."

मी कळवलं नाही. कार्ड शब्दकोशात घालून ठेवलं. तीन कळवले की माझी काळी आत. काळी आत गेली की मामांची पिवळी आत. मग इमामभाई आमच्या दारात कशाला येतील? एक आठवडा गेला, दोन गेले. मामा चहा पिताना म्हणत, "हल्ली पोस्टाचं काय खरं न्हाय." मी वह्या तपासत असल्याचं दाखवी.

तिसऱ्या आठवड्यात मामा गेले. दुकानात, गादीवर, लुगड्याची घडी घालता घालता. गिऱ्हाईक समोरच बसलं होतं. त्या बाईला वाटलं, ते विचार करत आहेत. ती म्हणे बराच वेळ थांबली, कारण ह्या दुकानात घाई कुणालाच नसते हे तिला ठाऊक होतं.

माणसं येऊन गेली, भेटणारे कमी झाले. एका दुपारी बाराचा भोंगा झाला आणि अत्ती कोपऱ्यातल्या दुरडीशी जाऊन बसल्या. मी शब्दकोशातून कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. दुसरं काय करावं सुचलं नाही.

"मी उत्तरच दिलं नाही, अत्ती. ते दाराशी उभे होते आणि मी त्यांना ताटकळत ठेवलं. मुत्त्यांचा नियम पाळत राहिले ते."

"कसला मुत्त्या!" अत्ती म्हणाल्या. "मी नऊ वर्साची ह्या घरात आले. मुत्त्यासंगं मी खेळलेय. सगळ्यांच्या आधी घरात पळायचा म्हातारा, आन् मग भितीला टेकून शेंगा खात बसायचा. दुसरे मरोत का जगोत."

"मग हा नियम?"

अत्तींनी दुरडीच्या काठावरून हात फिरवला. "माझ्या शिवाच्या तापाआधी डाव झाला, शेवटचा. ह्यांच्या चारी सोंगट्या घरात गेल्या. लई खूश झाले, टाळ्या पिटल्या. शिवा एकटा राहिला आमच्या दोघींत. हसून म्हणाला, 'अप्पा, तुमी गेलात की आत. आता मी एकटाच.' मी त्याची काळी मारली. 'जा परत' मीच म्हणाले. चवथ्या दिवशी पोरगा गेला. त्यानंतर हे कवाच आधी आत गेले न्हाईत."

मी पटाकडे पाहत राहिले. काळ्या सोंगट्या माझ्या होत्या, आणि त्याआधी यजमानांच्या होत्या.

अत्तींनी दुरडी उचलून बाजूला ठेवली. पारू शेंगा सोलत होती, ती सोडून आली. तिला तेव्हा अकरावं लागलं होतं आणि नियमाला ती पक्की होती. मी माझी काळी उचलली, तीन चौकटी मोजल्या आणि घरात ठेवली.

"आता आपला डाव, अज्जी," पारू म्हणाली आणि कवड्या उचलल्या.

अत्तींनी त्या तिच्या हातातून घेतल्या. "आधी त्यांचं."

त्यांनी टाकल्या. पाच हवे होते, दोन पडले. त्यांनी कवड्या गोळा करून पुन्हा टाकल्या. तीन. पुन्हा टाकल्या.

"अज्जी, असं चालत न्हाय! एकदाच टाकायचं. मग मी, मग तू."

"चालतंय. गेलेल्याचं दान पडेपातुर दुसऱ्यानं कवडीला हात लावायचा नसतो."

"कुणी सांगितलं?"

"मुत्त्याचा नियम हाय," अत्ती म्हणाल्या.

पारूने माझ्याकडे पाहिलं. मी पटाकडे पाहिलं. चार पडले, दोन पडले, मग एकदा पंचवीस पडले. मामांनी ह्या पंचवीसवर गल्ली डोक्यावर घेतली असती. अत्तींनी ते चिंचोके सारावेत तसे सारले. खोलीतलं ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलं. पारू आधी रुसून बसली, मग जवळ सरकली, मग प्रत्येक दानाला ओठातल्या ओठात "पाच, पाच" म्हणू लागली. गिरणीचा दुसरा भोंगा झाला. अत्तींचा हात दुखायला लागला असावा, कारण त्यांनी कवड्या डाव्या हातात घेतल्या.

पाच उघड्या पडल्या, एक पालथी. पालथी कुठली, ते बघायला वाकावं लागलं नाही.

"थांबली गाडी," पारू म्हणाली.

अत्तींनी पिवळी सोंगटी उचलली. चाळीस वर्षं त्यांनी ती फक्त मारायला हातात घेतली होती. पदराने पुसली, पाच चौकटी एकेक करून मोजल्या आणि माझ्या काळीच्या शेजारी ठेवली.

"म्हंजे हरलो की आपण, अज्जी," पारू म्हणाली.

अत्तींनी दुरडी उचलली, उंबऱ्याशी नेऊन झटकली, आणि भाकऱ्या ठेवायला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.